अमेरिकन पूर्वज शोधताय? या चुका टाळा

आमची सून मूळची आयोवाची. नातीसाठी तिच्या माहेरची वंशावळ काढायला बसलो आणि तीन महिने भलत्याच माणसाच्या मागे लागलो. नाव तेच, जन्मवर्ष तेच. 1870 च्या जनगणनेत तो एकाच उन्हाळ्यात दोन काउंटींत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) राहताना दिसला, तेव्हा लक्षात आलं की माणसंच दोन आहेत.

नाव जुळलं की माणूस आपलाच, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जर्मन वस्त्यांत एकाच नावाचे चुलतभाऊ सर्रास असत, त्यात श्मिटचा स्मिथ होई. नॉर्वेच्या लोकांची तर आणखी पंचाईत. बापाच्या नावावरून आडनाव पिढीगणिक बदलायचं, शिवाय आपल्या 'कर'सारखं शेतवाडीचं नावही मागे लागायचं. वाडी बदलली की तेही बदललं. म्हणून वय, जन्मस्थान, बायकोमुलं आणि शेजारी हे सगळं ताडून पाहा. जनगणनेचं पान सापडलं की मागची-पुढची दोन-दोन पानं जरूर वाचा. बायकोचं माहेर पुष्कळदा दोन घरं सोडून निघतं.

घरात नोंदलेली सगळी मुलं कुटुंबप्रमुखाचीच असंही धरू नका. 1850 आधीच्या देशव्यापी जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. 1850 ते 1870 मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, पण नातं लिहिलेलं नाही. तो रकाना आला 1880 मध्ये. तोवर त्या घरात नोंदलेला दहा वर्षांचा मुलगा पुतण्याही असू शकतो, शेतावरचा गडीही.

1890 ची जनगणना सापडत नाही म्हणून हातपाय गाळू नका. वॉशिंग्टनला 1921 मध्ये लागलेल्या आगीमुळे ती जवळजवळ सगळी गेली. आयोवा, कॅन्सस, मिनेसोटा या राज्यांनी 1885 आणि 1895 मध्ये स्वतःची जनगणना केली होती, ती बघा.

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर अधिकाऱ्याने नाव बदललं, ही घरोघरची कथा सोडून द्या. ते केंद्र उघडलं 1892 मध्ये, आणि जहाजाची यादी निघतानाच्या बंदरातच तयार होत असे. त्याआधीचे लोक न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला, बाल्टिमोरला, न्यू ऑर्लीन्सला उतरले. कितीतरी नॉर्वेजियन कॅनडातल्या क्वेबेकमार्गे आले.

शेत जागेवरच राहतं, काउंटीची हद्द सरकते. जुनी कागदपत्रं बहुधा जुन्या काउंटीच्या कचेरीतच राहतात. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा हद्दींचा ऐतिहासिक नकाशासंग्रह ऑनलाइन आहे, त्यात वर्ष घालून बघा.

आणि जमिनीची फाइल मागवायला विसरू नका! 1862 च्या होमस्टेड कायद्याने (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) 160 एकर मिळवणाऱ्याला पाच वर्षांनी साक्षीदारांसह पुरावा द्यावा लागे. घर केवढं, किती एकर नांगरले, विहीर आहे का, सगळं त्यात येतं. परदेशातून आलेल्याच्या फाइलीत नागरिकत्वाचे कागदही असतात. कॅन्सस-नेब्रास्काकडे गेलेल्यांसाठी हे सोनं आहे.

जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं 'प्रशिया' (जुनं मोठं जर्मन राज्य) लिहिलेलं दिसलं म्हणून जर्मनीतली कागदपत्रं धुंडाळू नका, आधी गावाचं नाव हवं. आम्हाला ते मिळालं लुथरन चर्चच्या दफन-नोंदवहीत, त्या पूर्वजाच्या बायकोच्या नावापुढे.