गिनीपिगचा वाण कसा ओळखावा

गिनीपिग विकणारे दुकानदार सहसा दोनच नावे सांगतात. अंगावर एखादा भोवरा दिसला की तो प्राणी 'अ‍ॅबिसिनियन' आणि केस जरा लांब असले की 'पेरुव्हियन'. उरलेले सगळे 'साधे'. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी अशीच एक 'पेरुव्हियन' पिल्लांची जोडी आली, आणि पैसेही अर्थातच पेरुव्हियनचे मोजले गेले. चार महिन्यांनी त्यांतल्या एकीचे केस तोंडावर येण्याऐवजी मानेवरून नीट मागे वळलेले दिसले, आणि दुसऱ्याचे केस लांब झालेच नाहीत. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्यालाही बहुधा माहीत नव्हते. मात्र त्यानंतर मी वाण ओळखण्याची एक पद्धत ठरवून घेतली आणि आता शेजारीपाजारी आपापले प्राणी टॉवेलात गुंडाळून दाखवायला आणतात, तेव्हा तीच वापरतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवलेला बरा. मराठीत 'जात' हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात एका अर्थाने आणि गोठ्यात दुसऱ्याच अर्थाने येतो. म्हणून या लेखात जीवशास्त्रीय गटासाठी 'जीवजाती' आणि माणसाने निवड करून टिकवलेल्या प्रकारासाठी 'वाण' असे शब्द वापरले आहेत. गिनीपिग हा उंदीर-खारींच्या म्हणजे कृंतक गणातला, केव्हिइडी कुळातला प्राणी असून त्याचे शास्त्रीय नाव केव्हिया पोर्सेलस असे आहे. कॅपिबारा हा भलामोठा पाणकृंतकही याच कुळातला. पाळलेले सगळे गिनीपिग, मग ते केसांच्या झुलीखाली दिसेनासे होणारे असोत की जवळजवळ उघडेबोडके, एकाच जीवजातीचे आहेत आणि त्यांचा आपसांत सहज संकर होतो. वाण ओळखणे अवघड होते ते यामुळेच.

दुसरी गोष्ट अशी की नावावरून मुलूख ओळखायला जाऊ नये. आपली श्वेत कपिला गाय किंवा अगोंदा गोवन डुक्कर यांची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे, आणि त्या नोंदीमागे गोव्याची जमीन, इथले हवामान आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जनावरे सांभाळणारी माणसे आहेत. गिनीपिगच्या वाणामागे असा प्रदेश नसतो. असते ते प्रदर्शनांसाठी लिहून काढलेले मानक. अ‍ॅबिसिनियनचा अ‍ॅबिसिनियाशी संबंध नाही, तसा गिनीपिगचा गिनीशीही नाही. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पोर्किन्यो दा इंदिया', म्हणजे 'हिंदुस्थानातले छोटे डुक्कर' म्हणतात. चार-साडेचारशे वर्षे पोर्तुगीज कारभार पाहिलेल्या गोव्यात या नावाची गंमत अधिकच वाटते, कारण तो ना डुक्कर आहे ना हिंदुस्थानातला.

आता प्रत्यक्ष तपासणी. प्राणी किमान तीन महिन्यांचा होईपर्यंत निकाल देऊ नये, कारण लांब केसांच्या वाणांची पिल्लेही जन्मतः आखूड केसांचीच दिसतात. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी टेबलावर खरखरीत टॉवेल पसरावा, म्हणजे त्याचे पाय घसरत नाहीत. एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्यांखाली, म्हणजे मागच्या पायांवरच्या भागाखाली, घालून त्याला उचलावे; नुसते पोटाला धरून उचलल्यास तो धडपडतो आणि पाठीला इजा होऊ शकते. जवळ रुंद दातांचा एक कंगवा असावा. त्यानंतर चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत: केस कोणत्या दिशेला वळतात, किती लांब आहेत, पोत कसा आहे आणि चमक कशी आहे. रंग शेवटी पाहावा. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. पांढरा-तांबडा-काळा हा रंगमेळ जवळपास प्रत्येक वाणात सापडतो.

केसांची दिशा पाहताना हाताचा तळवा नाकापासून पुठ्ठ्यांपर्यंत सावकाश फिरवावा. कुठेही अडथळा न येता हात सरळ गेला आणि केस आखूड असले, तर तो गुळगुळीत केसांचा मूळ वाण होय. अमेरिकेत त्याला 'अमेरिकन' आणि इंग्लंडमध्ये 'इंग्लिश' म्हणतात. प्राणी एकच, नावे दोन. फक्त कपाळावर एक भोवरा असेल तर तो 'क्रेस्टेड'. त्यातही अमेरिकन मानकानुसार हा भोवरा शुभ्र पांढरा असावा लागतो आणि उरलेल्या अंगावर पांढरा केस चालत नाही, तर इंग्लिश क्रेस्टेडचा भोवरा अंगाच्याच रंगाचा असतो.

हात जागोजागी अडखळला, तर बोट ठेवून भोवरे मोजावेत. इथे घाई करू नये. चांगल्या अ‍ॅबिसिनियनला किमान आठ भोवरे लागतात: चार पाठीवर एका ओळीत आडवे, दोन कमरेवर आणि दोन पुठ्ठ्यांवर. प्रत्येक भोवऱ्याचा मध्य टाचणीने टोचल्यासारखा बारीक असावा आणि दोन भोवऱ्यांमधले केस एकमेकांना भिडून ताठ कण्यासारखे उभे राहावेत. केस चार सेंटिमीटरच्या आसपास, राठ आणि हाताला टोचणारे असतात. आपल्याकडे अ‍ॅबिसिनियन म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांना बहुधा दोन-तीन भोवरे असतात, तेही एखादा खांद्यावर आणि एखादा कुशीवर असे वेडेवाकडे. त्याचे कारण सोपे आहे. भोवरे देणारे जनुक प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आले तरी दिसणारे, असल्याने अ‍ॅबिसिनियन आणि गुळगुळीत केसांचा प्राणी यांच्या पिल्लांतही भोवरे उतरतात, फक्त त्यांची मांडणी विस्कटते. अशा प्राण्याला संकरित म्हणावे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

लांब केसांच्या वाणांत सगळा निर्णय दिशेवर होतो, त्यामुळे माझ्या फसलेल्या जोडीचा उलगडाही इथेच झाला. पेरुव्हियनच्या पुठ्ठ्यांवर दोन भोवरे असतात आणि तिथून केस पुढे, डोक्याच्या दिशेने वाढतात; पाठीच्या मधोमध भांग पडतो आणि चेहरा केसांनी झाकला जातो, इतका की तोंड कुठे आणि शेपटाकडची बाजू कुठे हे गाजराचा तुकडा पुढे केल्याशिवाय कळत नाही. हे दोन भोवरे जन्मतःच दिसतात, त्यामुळे पेरुव्हियन म्हणून पिल्लू घेताना बाकी काही पाहिले नाही तरी पुठ्ठे पाहावेत. शेल्टीला असे भोवरे नसतात. तिचे केस चेहरा मोकळा ठेवून मानेवरून मागे पसरतात आणि वरून पाहिल्यास आकार पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. अमेरिकेत तिलाच 'सिल्की' म्हणतात. आमच्या घरी आली ती हीच. शेल्टीच्या कपाळावर एक भोवरा असला की ती 'कॉरोनेट'.

लांब केस देणारे जनुक मात्र अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच ते दिसते. याचा अर्थ, आखूड केसांच्या आईबापांपोटी लांब केसांचे पिल्लू जन्मू शकते आणि दुकानात दाखवलेली 'आई' पाहून पिल्लाच्या वाणाची खात्री धरता येत नाही.

पोत तपासण्यासाठी केस चिमटीत धरून ओढून सोडावेत. ते स्प्रिंगसारखे मागे गेले किंवा मुळातच उभे आणि दाट वाटले, तर प्राणी आखूड केसांचा असल्यास टेडी किंवा रेक्स असू शकतो. दिसायला हे दोघे इतके जवळचे आहेत की अनुभवी माणसेही गोंधळतात, पण त्यांची जनुके वेगवेगळी असून दोघांचा संकर केल्यास पिल्ले चक्क गुळगुळीत केसांची निघतात. सशांबरोबर गिनीपिगचीही मानके ठरवणाऱ्या अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मान्य 13 वाणांत टेडी आहे, रेक्स नाही. ब्रिटनमध्ये रेक्सला मान तेवढाच मोठा आहे. लांब आणि कुरळे केस असल्यास पुन्हा दिशेकडे यावे: शेल्टीच्या घडणीचा कुरळा म्हणजे टेक्सेल, कॉरोनेटच्या घडणीचा मेरिनो आणि पेरुव्हियनच्या घडणीचा अल्पाका. ही जोडी एकदा डोक्यात बसली की नावे पाठ करावी लागत नाहीत. टेक्सेलच्या पोटावरही कुरळे केस असतात, तेवढे उचलून पाहावे.

चमक पाहण्यासाठी केस फुंकरीने बाजूला करून उन्हात धरावेत. 'सॅटिन' प्राण्याचा केस आतून पोकळ असतो, त्यामुळे तो रेशमी साडीच्या काठासारखा चकाकतो. सॅटिन हा वेगळा वाण नसून वाणांत येणारा गुण आहे. म्हणून अमेरिकन यादीत अ‍ॅबिसिनियन, अमेरिकन, पेरुव्हियन, सिल्की आणि टेडी यांच्या जोडीला त्यांचे सॅटिन अवतार वेगळे मोजले जातात. या गुणाशी हाडे ठिसूळ करणारा एक वेदनादायक विकार जोडलेला आहे. केवळ चमकीसाठी सॅटिन घेण्याचा सल्ला मी कोणाला देत नाही.

केसच नाहीत अशा प्राण्यांचे काय? 'स्किनी'च्या नाकावर आणि पायांवर थोडी लव असते. मॉन्ट्रियलच्या एका प्रयोगशाळेत 1978 साली आढळलेल्या बदलातून हा वाण आला. 'बाल्डविन' केसांसह जन्मतो आणि मग पूर्ण टकला होतो. गोव्याच्या उकाड्यात असा प्राणी सोयीचा, असे अनेकांना वाटते. पण त्याची कातडी उन्हाने भाजते, थंडी लगेच बाधते आणि अंग ऊबदार ठेवण्यासाठी त्याला खाणेही जास्त लागते.

आता रंग. सगळ्या अंगावर एकच रंग असेल तर तो 'सेल्फ'. एकेका केसावर दोन रंगांचे पट्टे असतील तर 'अगूती'. ते ओळखण्यासाठी केसांत फुंकर मारावी, म्हणजे मुळाशी एक आणि टोकाशी दुसरा रंग दिसतो. काळे आणि तांबडे केस मिसळलेले असतील तर 'ब्रिंडल', तेच रंग वेगवेगळ्या चौकटींत वाटलेले असतील तर 'टॉर्टॉइजशेल'. 'डच'ला मानेभोवती आणि कपाळावर पांढरा पट्टा असतो. पांढऱ्या केसांची पेरणी असलेले 'रोन' आणि ठिपक्यांचे 'डाल्मेशियन' यांची मात्र जोडी कधीही लावू नये. अशा दोघांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा पांढरा, डोळे खुजे किंवा नसलेले आणि दात बिघडलेले असा जन्मतो आणि बहुधा जगत नाही. दुकानात विचारून न घेतलेली ही एकच गोष्ट पुढे फार महागात पडते.

रंगावर विश्वास का ठेवू नये हे मला 'हिमालयन'ने शिकवले. या पांढऱ्या प्राण्याचे नाक, कान आणि पाय गडद असतात आणि डोळे लाल. तो गडद रंग अंगाच्या थंड भागांवरच तयार होतो. शेजारच्या मुलीकडचा हिमालयन डिसेंबरात पाहिला तेव्हा त्याचे नाक काजळ लावल्यासारखे होते. मे महिन्याच्या शेवटी, चिऱ्यांच्या भिंतीही रात्रभर ऊब सोडत असताना, तेच नाक धुवून फिके झालेल्या कापडासारखे करडे दिसले आणि कानांच्या कडा जवळजवळ पांढऱ्या झाल्या. मुलगी घाबरून आजारी आहे का विचारायला आली होती. पहिल्या पावसानंतर हवा गार झाली तसा रंग परत भरू लागला. त्यामुळे गोव्यात हिमालयनची पारख करायची तर ती थंडीच्या दिवसांत करावी.

वाण कळल्यावर देखभाल बदलते, आणि आपल्या हवेत हाच त्याचा खरा उपयोग. 27-28 अंशांच्या वर गिनीपिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो. लांब केस महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतात. प्रदर्शनाला न्यायचे नसेल तर पेरुव्हियन, शेल्टी आणि टेक्सेल यांचे केस मार्चमध्येच जमिनीपासून बोटभर वर कापावेत आणि पावसाळ्यात पुठ्ठ्यांकडचे तर नखाएवढे ठेवावेत, कारण तिथे ओल आणि घाण साचली की माश्या अंडी घालतात. अ‍ॅबिसिनियनला आठवड्यातून एकदा कंगवा पुरतो, टेक्सेलला मात्र बोटांनीच गुंता सोडवावा लागतो. कंगव्याने कुरळे केस तुटतात.

शेवटी वहीत नोंद करावी: तारीख, अंदाजे वय, दिशा, लांबी, पोत, चमक, रंग, डोळ्यांचा रंग, याच क्रमाने. माझ्या त्या दुसऱ्या 'पेरुव्हियन'ची नोंद अशी आहे: 'सात महिने, आखूड केस, कपाळावर भोवरा नाही, उजव्या कुशीवर एक, पोत मऊ, चमक साधी, तांबडा-पांढरा, डोळे काळे.' वाणाच्या रकान्यात मी 'मिश्र' लिहिले आहे.