पोराला संधिवात असला तर घरी काय काय पाहत राहायचं

माझी पोरगी चार वर्षांची होती तेव्हा तिचा उजवा टोंगळा (गुडघा) सुजला. पडली असेल म्हणून महिनाभर शेकत बसलो, नागपुरात महाल भागात एकाकडे मालीशलाही नेलं. मग लक्षात आलं की सकाळी उठली की भिंत धरून चालते अन दुपारी अंगणात पळते. संधिवाताची हीच खूण आहे. १६ वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा ६ आठवडे सुजलेलाच राहिला अन दुसरं कारण सापडत नसलं तर त्याला जेआयए (जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस), म्हणजे मुलांचा संधिवात म्हणतात. संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निवांत होऊ नका, बहुतेक मुलांची ती निगेटिव्हच येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डोळे. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, युव्हायटिस म्हणतात, आणि बहुतेक वेळा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पोरगं काही सांगत नाही, अन आतल्या आत मोतीबिंदू, काचबिंदूपर्यंत जातं. आम्हाला डोळे तपासून घ्या म्हटलं होतं, पण मी तिच्या डोळ्यात पाहायची, स्वच्छ टपोरे, म्हणून दोन महिने गेलेच नाही, त्याचं मला अजून वाईट वाटते. गेलो तेव्हा एका डोळ्यात सूज निघाली. ही सूज डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या स्लिट लॅम्पवरच (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) दिसते, चष्म्याच्या दुकानात नंबर काढून काही कळत नाही. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं अन मिहानचं एम्स, तिन्हीकडे डोळ्यांचा विभाग आहे. आजार सुरू झाला तेव्हा वय ७ च्या आत, थोडेच सांधे सुजलेले अन एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असली तर पहिली चार वर्षं दर ३ महिन्यांनी दाखवायचं, बाकीच्यांनी ६ ते १२ महिन्यांनी, तुमचं किती ते डॉक्टरला विचारून घ्या. सांधे बरे झाले तरी हे बंद करायचं नाही.

घरी मी दर रविवारी आंघोळीनंतर पाहते. तिला सपाट जमिनीवर झोपवायचं, दोन्ही टोंगळे सरळ होतात का, की टोंगळ्याखाली पोकळी राहून हात जातो ते पाहायचं, कारण सुजलेला टोंगळा वाकलेलाच राहिला तर तसाच आखडून बसतो. रात्री टोंगळ्याखाली उशी देऊ नका, पोरांना बरं वाटते पण त्यानंच वाकडेपणा वाढतो. मग दोन्ही टाचा जुळवून पाय सारख्याच लांबीचे आहेत का पाहायचं. सुजलेल्या टोंगळ्याकडे रक्त जास्त जाते म्हणून लहान वयात तो पाय जास्त वाढू शकते, आमच्याकडे आधी कळलं ते चपलेवरून, एकच चप्पल झिजत होती. फरक असला तर बुटात टाच उंच करून देतात.

जबडा लोक विसरतात. पोराला तोंड उघडायला सांगा, त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसली, किंवा भाकर एकाच बाजूनं चावत असलं तर सांगा, नाहीतर हनुवटी लहान राहते.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू असलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही, रोज दिली तर जिवावर बेतते. आम्ही कॅलेंडरवर शनिवारी लाल गोल करतो अन डबा वरच्या फळीवर ठेवतो. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील तसं, रक्ताच्या अन लिव्हरच्या तपासण्या वेळेवर. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजण्यांची लस परस्पर देऊ नका, आधी विचारा, अन शाळेत कांजण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करा.

सिस्टेमिक प्रकार असला, म्हणजे सांध्यांसोबत रोज ताप अन अंगावर चट्टे, तर एक गोष्ट पाठ करून ठेवा. चढ-उतार होणारा ताप आता उतरतच नसला, पोरगं सुस्त पडलं, नाकातून रक्त किंवा अंगावर निळे डाग दिसले तर ते एमएएस (मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम, या प्रकारातली जीवघेणी गुंतागुंत) असू शकते, यात जीव जाऊ शकते. अशात ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) खाली आला म्हणून बरं चाललं समजू नका, उलटही असते, रक्तातलं फेरिटिन मात्र खूप वाढते. सकाळची वाट पाहू नका, फाइल घेऊन कॅज्युअल्टीत जा अन दारातच सांगा की याला सिस्टेमिक जेआयए आहे.