अमेरिकेत स्पोर्ट सायकॉलॉजीची इंटर्नशिप: टीम नंतर बघा, आधी मेंटर शोधा

दरवर्षी अ‍ॅडमिशनचे दिवस आले की ओळखीतून मेसेज सुरू होतात, ताई मला स्पोर्ट सायकॉलॉजीच्या मास्टर्सला अमेरिकेत अ‍ॅडमिशन मिळालीय, इंटर्नशिप कशी मिळवायची, आणि त्याला जोडूनच, एनबीएच्या टीमकडे चान्स असतो का. ते एनबीए वगैरे सध्या बाजूला ठेवा. मी मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत शिकले आणि माझे सगळे तास कॉलेज टीम्सबरोबर झाले, त्यामुळे जे सांगतेय ते तिथलं आहे, प्रत्येकीला वेगळं टाइप करायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी आकडे. अमेरिकेत या कामाचं मुख्य सर्टिफिकेट म्हणजे सीएमपीसी, सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट, ते एएएसपी ही स्पोर्ट सायकॉलॉजीवाल्यांची संघटना देते. त्यासाठी मेंटरच्या देखरेखीखाली ४०० तास काम लागतं आणि त्यातले निदान २०० थेट खेळाडूंबरोबरचे हवेत, म्हणजे वन-टू-वन सेशन किंवा टीमचं वर्कशॉप. नुसतं मैदानाच्या कडेला उभं राहून प्रॅक्टिस बघितली, नोट्स लिहिल्या, सेशनची तयारी केली, तर ते या २०० मध्ये धरत नाहीत. शिवाय कोर्सवर्कमध्ये ८ विषय कव्हर झालेले लागतात आणि शेवटी परीक्षा. इथे एक गोम आहे. तुमचा प्रोग्रॅम कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) डिपार्टमेंटचा असेल तर सायकोपॅथॉलॉजी (मानसिक आजारांचा अभ्यास) आणि काउन्सेलिंग स्किल्सचे कोर्स बाहेरून घ्यावे लागू शकतात, आणि सायकॉलॉजी डिपार्टमेंटचा असेल तर स्पोर्ट सायन्स राहून जातं. पहिल्याच सेमिस्टरला यादी काढून टिक करत बसा, शेवटी एका कोर्ससाठी अडकलेले लोक मी बघितलेत.

आता मेंटर. नव्या मुलांना वाटतं की जिथे इंटर्नशिप करतो तिथला बॉस म्हणजेच मेंटर. तसं नसतं. अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमधला साइट सुपरवायझर हा तुमची हजेरी, वेळापत्रक, कोचशी गाठ घालून देणं हे बघतो, कधी कधी त्याचा सायकॉलॉजीशी काहीही संबंध नसतो. मेंटर म्हणजे स्वतः सीएमपीसी असलेला माणूस जो तुमचं काम प्रत्यक्ष बघतो, सेशनला येऊन बसतो किंवा खेळाडूची परवानगी घेऊन केलेलं रेकॉर्डिंग ऐकतो आणि मग विचारतो, इथे ती गप्प झाली तेव्हा तू लगेच का बोललीस? हा प्रश्न ऐकायला फार त्रास होतो पण तुम्ही पैसे भरून शिकायला आलात ते यासाठीच. टीम कितीही भारी असली आणि मेंटर महिन्यातून एकदा फोनवर "सब ठीक?" छापाचा असला तर ते तास कागदावर भरतील, तुम्ही तिथल्या तिथेच राहाल. उलट डिव्हिजन थ्रीची (कॉलेज स्पर्धांमधली तिसरी पातळी) टीम, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते आणि सामना बघायला आईवडील आणि दोन मित्र, तिथे चांगला मेंटर मिळाला तर बिनधास्त जा. ठरवायच्या आधी त्याला सरळ विचारा, तुझ्याकडे आत्ता किती जण आहेत, फी घेतोस का (काही जण घेतात, चुकीचं नाही, पण आधी कळायला हवं), माझं काम कसं बघणार, आणि शनिवारी रात्री अवे मॅचला काही झालं तर फोन कोणाला करू. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडेल त्याला नको म्हणा.

व्हिसाचं थोडक्यात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं आणि ते साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं, कोर्समध्ये पहिल्या दिवसापासून इंटर्नशिप सक्तीची असेल तर अपवाद. फुल-टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झालं की त्या डिग्रीवरचं ओपीटी (शिकलेल्या विषयात नोकरी करायची परवानगी) गेलं. आठवड्याला २० तासांपर्यंतचं पार्ट-टाइम त्यात धरत नाहीत. बिनपगारी आहे म्हणजे काही लागत नाही असं सीनियर सांगतात, त्यांचं ऐकू नका, इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलवर विचारा म्हणजे लेखी राहतं.

काम प्रत्यक्षात कसं असतं? सुरुवातीचे कित्येक आठवडे तुम्ही फक्त दिसत राहायचं. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमाने डिव्हिजन वन आणि टूमध्ये सीझनमध्ये आठवड्याला २० तास आणि ऑफ-सीझनला ८ तास एवढाच सराव घेता येतो, त्यामुळे कोचसाठी एकेक मिनिट मोलाचं असतं आणि तो तुम्हाला प्रॅक्टिसनंतर दहा मिनिटं देतो, पोरं घामाने निथळतायत, लक्ष जेवणाकडे, आणि त्यात तुम्ही पॉवरपॉइंट काढलात तर संपलंच. एकच गोष्ट घ्या, श्वास किंवा चूक झाल्यावर पुढच्या पॉइंटला कसं यायचं, आणि ती उभ्याउभ्या करून घ्या.

खेळ शिकून घ्या, हे फार महत्त्वाचं. मला कुस्तीची टीम मिळाली तेव्हा मी खूश, आजोळ सांगलीकडचं, तालीम बघितलेली, पण कॉलेजची कुस्ती फोकस्टाइल असते, त्यात चितपट आहेच पण समोरच्याला खाली दाबून धरून ठेवण्यालाही किंमत, असा रायडिंग टाइम समोरच्यापेक्षा निदान एक मिनिट जास्त जमला की एक गुण. हे कळल्याशिवाय त्या पोराच्या डोक्यात शेवटच्या वीस सेकंदांत काय चालतं ते तुम्हाला कळणारच नाही. मी सरळ मॅटजवळ बसून असिस्टंट कोचला विचारायचे, त्याला बरं वाटायचं, आणि आपल्या लाल मातीबद्दल त्याचे प्रश्न संपायचे नाहीत.

सगळ्यात अवघड भाग सेशनचा नसतो, कॉरिडॉरमधला असतो. कोच कॉफी घेऊन भेटतो आणि सहज विचारतो, काल ती आली होती ना तुझ्याकडे, शुक्रवारी खेळवू का तिला? माणूस चांगला असतो, हेतूही चांगला, पण खेळाडूने तुम्हाला जे सांगितलं ते तिच्या परवानगीशिवाय कोचला जात नाही, ती आली होती की नाही हेसुद्धा नाही. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये कोचसमोर हे स्पष्ट बोलून घ्या, आणि खेळाडूकडून कन्सेंट फॉर्म घेताना गुप्तता कुठे संपते तेही सांगा, जिवाला धोका असेल तेव्हा वगैरे. मी कोचला ठरलेलं उत्तर द्यायचे, "तिलाच विचारून बघा ना." दोनतीनदा ऐकल्यावर त्याने माझ्याकडे विचारणं सोडलं आणि खरंच तिच्याशी बोलायला लागला.

आपली हद्द ओळखा. मास्टर्सवर तुम्ही स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही, त्याला राज्याचं लायसन्स लागतं, ईमेलच्या सहीतसुद्धा तो शब्द नको. वजन उतरवताना खाणंच बंद केलेला पैलवान, लांब पल्ल्याची धावपटू जिची पाळी थांबलीय, गुडघ्याच्या सर्जरीनंतर खोलीतून बाहेर न येणारा मुलगा, हे सेल्फ-टॉक (स्वतःशी कसं बोलायचं) शिकवून सुटणारे विषय नाहीत, ते काउन्सेलिंग सेंटरकडे किंवा टीम डॉक्टरकडे जायला हवेत आणि त्याच दिवशी मेंटरला कळायला हवं. ९८८ हा अमेरिकेतला मानसिक क्रायसिसचा नंबर २०२२ पासून आहे, फोनमध्ये सेव्ह करा. लैंगिक छळाबद्दल कोणी सांगितलं तर इंटर्न म्हणून तुम्हाला ते रिपोर्ट करावंच लागतं का, हे युनिव्हर्सिटीच्या टायटल नाइन ऑफिसला (लिंगभेद आणि छळाच्या तक्रारी बघणारं) आधीच विचारून ठेवा आणि खेळाडूलाही आधीच सांगा.

परत भारतात यायचा विचार असेल तर चित्र वेगळं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी लागते, स्पोर्टसाठी तसा लायसन्सचा रस्ता नाही, त्यामुळे दोन दिवसांच्या वर्कशॉपवालेसुद्धा माइंड कोच होऊन बसतात. नाशिकचे क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम सर पोलीस खात्यातून आले आणि नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कित्येकांना उभं केलं हे खरंय, पण प्रत्येकजण बाम सर नसतो, देखरेख हवीच. भारतात अकॅडमीत बहुतेक खेळाडू अल्पवयीन असतात, तिथे पालकांची लेखी परवानगी घ्या आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) वाचून या, कारण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, इथे सवलत नाही.

आणि तासांचा लॉग त्याच आठवड्यात भरा, मेंटरची सही घ्या, एक कॉपी युनिव्हर्सिटीच्या अकाउंटबाहेर ठेवा, कारण पदवीनंतर ते अकाउंट बंद होऊ शकतं आणि मेंटर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.