लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी? या चुका आधी बंद करा

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात, "दादा उबंटू टाकलं, चाललं पण होतं, आता स्क्रीन काळी झालीय" (उबंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार). मी विचारतो काय केलंस, उत्तर ठरलेलं, "काहीच नाही". मग दहा मिनिटांनी हळूच कळतं की एनव्हिडियाच्या (ग्राफिक्स कार्ड बनवणारी कंपनी) साईटवरनं कार्डचा ड्रायव्हर उतरवून टाकला होता.

तर ही पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक. विंडोजची सवय, साईटवर जा, फाईल घे, नेक्स्ट नेक्स्ट कर. लिनक्समध्ये तिथली डॉट रन फाईल (एनव्हिडियाचा इन्स्टॉलर) चालते, आणि चालते हाच प्रॉब्लेम आहे. एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलला जोडणारा भाग, तुमच्या त्या वेळच्या कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) बनतं, पुढच्या अपडेटला कर्नल बदलला की ते नव्याने बनवावं लागतं. डीकेएमएस नावाची सोय हे काम आपोआप करते, आणि इन्स्टॉलर त्याबद्दल विचारतोसुद्धा, पण वाचतंय कोण.

माझ्या मामेभावाने तिथे 'नो' दाबलं होतं. जीटीएक्स १६५० कार्डवाला लॅपटॉप, उबंटू २२.०४, आठवडाभर मस्त चाललं, मग प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट मारून रिस्टार्ट, आणि अंधार. रात्री अकराला फोन, रडायचाच बाकी होता. एका मित्राने त्याला सांगून ठेवलेलं की फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रोजेक्ट त्याच डिस्कवर, बॅकअप शून्य! म्हटलं पेनड्राईव्हला हात लावू नकोस. चालू करताना एस्केप दाबायला लावलं (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट), ग्रबमध्ये (चालू होताना येणारा मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधनं मागचा कर्नल निवडला, डेस्कटॉप आला. त्या रात्री दुसरं काही करू दिलं नाही, आधी सबमिशन.

दुसऱ्या दिवशी ती डॉट रनवाली इन्स्टॉलेशन तिच्याच अनइन्स्टॉलरने काढली आणि उबंटूच्याच 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधनं टेस्टेड लिहिलेला ड्रायव्हर घेतला. मी कायम हेच करतो, मिंट (लिनक्सचा दुसरा प्रकार) असेल तर ड्रायव्हर मॅनेजर. सगळ्यात नवीन नंबर पाहिजे हा हट्ट कशाला ते मला आजवर कळलेलं नाही.

एवढं करून लगेच चाललं का? नाही, कारण साहेबांनी दुसरी चूक केली. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू होताना अडवणारी सोय) चालू असेल आणि मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बनलं असेल तर त्याची सही मशीनने मान्य करावी लागते. त्यासाठी इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रिस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. ती दहा सेकंद थांबते, काही दाबलं नाही तर गपचूप पुढे जाते. हा तेवढ्यात चहा आणायला गेला! मग 'एनव्हिडिया एसएमआय' (कार्डची माहिती दाखवणारी) कमांड मारली की ड्रायव्हरशी बोलताच येत नाही असा एरर. त्या निळ्या स्क्रीनवर निवडायचं 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे त्या सहीची चावी), मग कंटिन्यू, यस, तोच पासवर्ड, रीबूट, बस. सिक्युअर बूट बंद करूनही भागतं, पण निळी स्क्रीन वाचायचा कंटाळा म्हणून बंद करणारे मला पटत नाहीत.

बाकीच्या पटापट:

एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर सहसा काहीही टाकायचं नसतं, ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच (लिनक्ससोबत येणारं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) असतो. तरी लोक शोधत बसतात.

इन्स्टॉल होईना म्हणून 'नोमोडसेट' (ग्राफिक्स साध्या मोडमध्ये ठेवणारा बूटचा पर्याय) टाकलंत, ठीक. पण ड्रायव्हर बसल्यावर ते ग्रबमधनं काढा. सेटिंग्जच्या अबाउटमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्ड झोपलंय आणि सगळा भार सीपीयू ओढतोय, मग व्हिडिओ अडकणारच.

एनव्हिडियाचं जीटी ७१० सारखं जुनं कार्ड असेल तर ४७० च्या पुढचा ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही.

आणि काळी स्क्रीन म्हणजे मशीन मेलं असं नसतं, कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून बघा, बहुतेक वेळा काळ्या स्क्रीनवर नुसतं अक्षरांचं लॉगिन येतं आणि तिथून सगळं दुरुस्त होतं.

मदत मागायची तर कार्डचं मॉडेल, कर्नलचा नंबर आणि शेवटी कुठली कमांड मारली ते पाठवा. परवा एकाने फक्त काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवला, त्यात त्याचाच चेहरा आणि मागची ट्यूबलाईट दिसत होती.