एनपीव्ही जुळत नाही? आधी वर्षांचा तक्ता बघा

‘एनपीव्ही येत नाहीये, जरा बघता का?’ असा मेसेज येतो, सोबत शीटचा अर्धा कापलेला फोटो. (एनपीव्ही म्हणजे प्रकल्पात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रकमांची आजच्या किमतीतली गोळाबेरीज; उणे आला तर प्रकल्प नाकारायचा.) मदत मागण्यातली चूक इथेच होते. फोटोत उत्तर दिसतं, ते आलं कुठून हे दिसत नाही. मूळ प्रश्न जसाच्या तसा, वर्षवार कॅश फ्लोचा (रोख येण्या-जाण्याचा) तक्ता आणि धरलेला डिस्काउंट रेट, म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायचा दर, एवढं पाठवा. चूक बहुधा तिथेच सापडते. अख्खी असाइनमेंट मात्र दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तोंडीला ‘हाच दर का धरला?’ एवढं विचारलं तरी पंचाईत होते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी चूक एक्सेलची. त्यातलं एनपीव्ही फंक्शन पहिला आकडाही वर्षअखेरीचा समजून डिस्काउंट करतं. समजा, आज १,००,००० गुंतवले, पुढची तीन वर्षं वर्षअखेरीस ४०,००० येणार, दर १० टक्के. चारही आकडे फंक्शनमध्ये कोंबले की उणे ४७८ येतं. खरं उत्तर उणे ५२६. फंक्शनमध्ये पुढचे तीनच आकडे द्यायचे आणि आजची गुंतवणूक बाहेरून वजा करायची. दोन्ही उत्तरं उणेच, निर्णय बदलत नाही, म्हणून चूक लपून राहते. ताळा सोपा आहे: दर १० टक्के असताना तुमच्या उत्तराला १.१ ने गुणल्यावर अपेक्षित उत्तर आलं, तर दुखणं हेच. (याच प्रकल्पाचा पेबॅक, म्हणजे गुंतवलेले पैसे परत यायला लागणारा काळ, अडीच वर्षं! नुसत्या पेबॅकवर भुललात तर तो मंजूरच कराल.)

मग तक्ता तपासा. घसारा रोख खर्च नाही, तो थेट वजा करू नका. पण त्याने कर वाचतो. घसारा २०,००० आणि कर २५ टक्के असेल, तर ५,००० ची बचत धरा. कर्जाचं व्याज डिस्काउंट रेटमध्ये आलेलंच असतं, कॅश फ्लोमधून पुन्हा वजा केलं की तोच खर्च दोनदा लागतो. झालेल्या बाजारपाहणीचा खर्च सोडून द्या, प्रकल्प नाकारला तरी तो परत येत नाही. खेळतं भांडवल शेवटच्या वर्षी परत मिळवायला विसरू नका.

दोनपैकी एकच प्रकल्प निवडायचा असेल तर नुसत्या आयआरआरवर, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो त्या परताव्याच्या दरावर, जाऊ नका. १,००० चे वर्षात १,५०० झाले तर आयआरआर ५० टक्के. १०,००० चे १३,००० झाले तर ३० टक्केच. पण १० टक्के दराने पहिल्याचा एनपीव्ही ३६४, दुसऱ्याचा १,८१८.