'रिकामी आहे' हे रेंजवर चालत नाही

गोव्यात बहुतेकांच्या हातात पहिली बंदूक येते ती जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर. मालक छर्रा भरून बंदूक पुढे करतो, पोर ती घेऊन आधी मित्राकडे वळतं, हसतं आणि मग फुग्यावर नेम धरतं. सत्तरीकडे काही घरांत रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक असते, तिथे भरलेली बंदूक खांद्यावर टाकून बागायतीत फिरणं अंगवळणी पडलेलं असतं. या दोन्हींपैकी कुठलीही सवय रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, आणली की पहिल्याच दिवशी ओरडा बसतो. मग वाटतं, साधी एअर रायफल तर आहे, एवढा कसला बाऊ?

मॅच एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. डोळा जायला तेवढं पुष्कळ. पण बाऊ छर्ऱ्याचा नसतो. नियम करणाऱ्याने एकच गोष्ट धरून चाललेली असते: माणूस विसरणार. दमलेला विसरेल, नवखा विसरेल आणि वीस वर्षं नेमबाजी करणारा तर हमखास विसरेल, कारण त्याला आपण विसरू असं वाटतच नाही. कोणाला इजा व्हायची तर तीन गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात: बंदूक भरलेली, नळी माणसाकडे, बोट ट्रिगरवर. प्रत्येक नियम यातली एक गोष्ट तोडतो. एक चूक झाली तरी उरलेले दोन नियम सांभाळून घेतात. म्हणूनच 'रिकामीच होती' ही सबब ऐकून घेतली जात नाही. ती खरी असली तरी नाही.

आता प्रत्यक्ष कृती. बंदुकीची पेटी फायरिंग लाइनवरच, म्हणजे उभं राहून नेम धरायच्या रेषेवरच, उघडायची, तीही नळी टार्गेटकडे राहील अशी ठेवून. मागच्या बाकावर उघडून बंदूक हातात धरून पुढे चालत येणं बंद. बाहेर काढताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतालच्या कडीच्या) बाहेर, सरळ. लगेच ब्रीच, म्हणजे छर्रा भरायचं नळीचं मागचं तोंड, उघडायचं आणि सेफ्टी फ्लॅग आहे का बघायचं. फ्लॅग म्हणजे भडक नारिंगी दोरी, नळीतून आरपार जाणारी, एक टोक ब्रीचमधून आणि दुसरं नळीच्या तोंडातून बाहेर दिसणारं. काही जण तिचा तुकडा कापून नुसता ब्रीचमध्ये खोचतात. त्याने काही सिद्ध होत नाही, कारण पुढे अडकलेला छर्रा तसाच राहतो. पूर्ण दोरी आरपार गेली तर नळी मोकळी आहे हे पाच मीटरवरून रेंज ऑफिसरला दिसतं, कोणाला विचारावं लागत नाही.

बंदूक दुसऱ्याला देताना देणाऱ्याने ब्रीच उघडून दाखवायचं आणि घेणाऱ्याने स्वतः डोकावून बघायचं. समोर प्रशिक्षक असो की थोरला भाऊ. इथे आपल्याकडचा मानपान आड येतो: मोठ्या माणसाने सांगितलं रिकामी, आता परत कसं तपासायचं? तपासायचंच. कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट न तपासता घेणाऱ्याचीच रेंजवर नोंद होते.

सगळ्यात जास्त चुका वळताना होतात. १० मीटर रेंजवर लेन, म्हणजे एका नेमबाजाची पट्टी, साधारण १ मीटर रुंद असते. नळी जेमतेम सहा अंश सरकली की ती शेजारच्या टार्गेटवर गेलेली असते. उजव्या हाताचा रायफल नेमबाज टार्गेटकडे डावा खांदा करून उभा असतो. मागून पालकांनी हाक मारली, 'इकडे बघ, फोटो काढते', की मान वळते, मानेबरोबर खांदे, खांद्यांबरोबर नळी. त्यामुळे क्रम पक्का करा: आधी बंदूक टेबलावर, मग फ्लॅग, मग मागे वळणं. आणि पालकांनो, लेनवर उभ्या असलेल्याच्या खांद्यावर कधीही थाप मारू नका.

रेंज ऑफिसरने 'लोड' म्हटल्यावरच छर्रा भरायचा, एकच, स्कर्टची (पोकळ, पसरट) बाजू मागे. भरला की नाही याची शंका आली तर दुसरा भरू नका. हात वर करून विचारा. बंदुकीला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरचा दाब उतरला की छर्रा नळीतच अडकतो आणि पुढचा त्याच्यामागे जाऊन बसतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला की थांबायचं. काडतुसाच्या .२२ रायफलवर बार फुसका गेला तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं; काडतूस उशिरा पेटू शकतं. लगेच बोल्ट (ब्रीच बंद करणारा खटका) खेचला तर ते चेहऱ्यासमोर फुटू शकतं.

'स्टॉप' कोणीही ओरडू शकतो, अगदी पहिल्या दिवशी आलेलं पोरसुद्धा. ऐकल्यावर अर्धवट ओढलेला ट्रिगरही सोडून द्यायचा. 'एवढा एक शॉट' ही वृत्ती घेऊन आलेल्याला घरी पाठवलेलं बरं. पुढे कोणी टार्गेट बदलायला गेलं असेल तर सगळ्यांनी लाइनच्या मागे, हात रिकामे. त्या वेळात बंदूक पुसायची नाही, साइट जुळवायची नाही, नुसतं हलवायचंही नाही. पुढे गेलेला माणूस पाठमोरा असतो, त्याला तुम्ही काय पुसताय ते दिसत नाही.

सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, बहुधा १० वर्षांची. ती उलटली की दिसायला नवा असला तरी भरायचा नाही. साधारण २०० बार, म्हणजे नेहमीच्या हवेच्या जवळपास दोनशे पट दाब, मांडीवर घेऊन बसण्यासारखं ते आहे. उन्हात उभ्या गाडीत तर तो ठेवूच नका.

छर्रा शिशाचा असतो. घाईत तो ओठांत धरून ठेवायची खोड बऱ्याच जणांना लागते, ती आजच मोडा. हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. टार्गेटमागची शिशाची धूळ कोरड्या केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पावसाळ्यात स्कूटरवरून नेलेली पेटी घरी आल्यावर उघडून आतला फोम वाळवा. तेलाचा हात दिलेली नळीसुद्धा ओल्या फोममध्ये रात्रभर राहिली की सकाळी तांबूस ठिपके दिसतात.