वरचा सूर लागत नाही म्हणून माउथपीस बदलताय? आधी या चुका टाळा

वरचा सूर लागत नाही, दहा मिनिटांत ओठ थकतात, आवाज चिरका येतो. ट्रम्पेट शिकणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी, आणि तिन्हींवर सर्रास एकच सल्ला मिळतो: माउथपीस, म्हणजे वाद्याला ओठ लावायचा तुकडा, बदलून बघ.

शिकायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी मीही तेच केलं. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता आणि एका रचनेतला वरचा सी (पाश्चात्त्य स्वरनावांतला एक सूर) माझ्याकडून दहापैकी चारदाच लागायचा. उथळ कपाचा, म्हणजे आतली वाटी कमी खोल असलेला, माउथपीस आणला, खोलीत वाजवून पाहिला, तर सी पहिल्याच फुंकेला लागला. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग एका मित्राने शेवटच्या रांगेत बसून केलं होतं. ते ऐकल्यावर पोटात गोळाच आला. सी लागला होता खरा, पण सुईसारखा बारीक. त्याच्या आधीचा मधल्या सप्तकातला संथ भाग, ज्याच्यासाठी मला ती रचना आवडायची, तिथे आवाजाला अंगच नव्हतं. दोन ठिकाणी तर सूर फुटला होता.

कारण साधं आहे. सूर ओठांच्या कंपनातून येतो. कप उथळ असला की वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत घुमणारे बारीक सूर) ठळक होतात आणि आवाज चमकदार, टोकदार होतो. कप खोल असला की तो गडद आणि भरदार होतो. उथळ कपाने वरच्या पट्टीत थोडा आधार मिळतो, पण जो सूर ओठांना आणि दमाला येतच नाही, तो कपातून निघत नाही. शिवाय दमलेले ओठ सुजून पुढे येतात, उथळ कपाच्या तळाला टेकतात आणि कंपनच अडतं. मोठ्या जॅझ बँडमधले लीड ट्रम्पेट (सगळ्यात वरची सुरावट) वाजवणारे उथळ कप वापरतात, कारण त्यांना रात्रभर सगळ्या बँडच्या वरून ऐकू जायचं असतं. वरचे सूर त्यांच्याकडे आधीपासून असतात.

दाबून वाजवणं

वरचे सूर अडण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. सूर चढला की डावा हात नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो. रिम, म्हणजे माउथपीसची ओठांना टेकणारी कड, ओठांवर रुतते, रक्तपुरवठा मंदावतो, ओठ बधिर होतात आणि मग बधिर ओठांना कंप द्यायला आणखी दाब लागतो. हे चक्र एकदा सुरू झालं की पाच मिनिटांत सगळं संपतं.

आरशासमोर वाजवा आणि डाव्या हाताच्या बोटांची पेरं बघा. वरच्या जीला ती पांढरी पडत असतील तर माउथपीसचा विचार सध्या सोडून द्या. मधला जी अगदी हळू आवाजात धरा, आणि रिम ओठांवर जेमतेम टेकलेली ठेवून तो किती वेळ टिकतो ते पाहा. हवा निसटायला लागली तर ओठांचे कोपरे थोडे घट्ट करा, हात ओढू नका. मग तिथून एकेक सूर वर जा. हात ओढायला लागला की थांबा. त्या दिवसाची तुमची खरी मर्यादा तीच. आणि जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ वाद्य मांडीवर ठेवा. ही विश्रांती सरावाचाच भाग आहे, हे मला फार उशिरा पटलं. दुसऱ्या दिवशी ओठ जड वाटले तर खालचे सूर हळू वाजवून त्यांना मोकळं करायचं, वर चढायचं नाही.

जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींचे फुगलेले गाल बघून तसंच वाजवायचा मोह काहींना होतो. त्यांच्या ओठांची ठेवणच निराळी होती. शिकताना गाल आवरलेलेच बरे.

आकड्यांवरून माउथपीस निवडणं

माउथपीसवर आकडा व्यासाचा आणि अक्षर कपाच्या खोलीचं असतं, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. व्हिन्सेंट बाख यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका रिमचा आतला व्यास मोठा. शिल्के आणि यामाहाच्या पद्धतीत उलट, आकडा वाढला की व्यास वाढतो. अक्षरांचंही तसंच: बाखमध्ये ए सगळ्यात खोल आणि ई उथळ, तर शिल्केमध्ये ए उथळ आणि ई खोल. त्यामुळे बाखचा सवयीचा माणूस शिल्केचा १४ए४ए हातात घेऊन त्याला खोल समजला तर नवल नाही. प्रत्यक्षात तो लीड वाजवणाऱ्यांचा उथळ माउथपीस आहे.

दुसरा गैरसमज असा की बाख ७सी शिकाऊंचा आणि १सी पट्टीच्या वादकांचा, म्हणून दरवर्षी एक पायरी चढायची. कॅटलॉगमध्ये ७सीचा व्यास १६.२० मिलिमीटर, ५सीचा १६.२५ आणि ३सीचा १६.३० दिलेला आहे. म्हणजे ७ वरून ३ वर गेलात तरी कागदावर फरक ०.१ मिलिमीटरचा. ओठांना जो बदल जाणवतो तो बराचसा रिमच्या गोलाईचा, तिच्या आतल्या कडेचा आणि कपाच्या घडणीचा असतो, आणि या गोष्टी आकडा सांगत नाही. ७सी, ५सी किंवा ३सी, यातला जो ओठांवर सहज बसेल त्याच्यावर दोन वर्षं बिनधास्त काढा.

बेलच्या मागे उभं राहून आवाज ठरवणं

माझी त्या वेळची खरी चूक ही होती. ट्रम्पेटचे वरचे उपस्वर बेलमधून, म्हणजे वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडातून, सरळ समोर जातात. वाजवणारा बेलच्या मागे असतो, त्याला त्यांतले थोडेच ऐकू येतात. म्हणून त्याला स्वतःचा आवाज जरा मंद वाटतो, तो आणखी चमक शोधतो, आणि समोर बसलेल्यांच्या कानाला ती चमक टोचते. लहान खोलीत तर भिंतीवरून परतलेला आवाज आणखीच फसवतो. गिलेस्पींचाच किस्सा घ्या. १९५३ मध्ये एका पार्टीत स्टँडवर ठेवलेल्या त्यांच्या ट्रम्पेटवर कोणीतरी पडलं आणि बेल वर वाकली. वाकलेल्या बेलमधून आपला आवाज आपल्याला लवकर ऐकू येतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुढे त्यांनी तशीच वाद्यं बनवून घेतली.

म्हणून माउथपीस पारखायचा असेल तर मोठ्या खोलीत जा. कान तयार असलेल्या एखाद्याला पाच-सहा मीटरवर पाठ करून बसवा. दोन्ही माउथपीसवर तोच संथ तुकडा, तोच चढता अलंकार वाजवा. कोणता कधी लावला ते सांगू नका. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. मला आजवर बहुतेक वेळा असं दिसलंय की वाजवताना जो सुखाचा वाटतो आणि समोरच्याला जो आवडतो, ते दोन माउथपीस वेगळे निघतात.

नवा माउथपीस पहिली दहा मिनिटं चांगलाच वाटतो. रिम वेगळ्या जागी टेकते, थकलेल्या भागाला सुटका मिळते, म्हणून. तेव्हा दमलेल्या ओठांनी, सरावाच्या शेवटी निवड करू नका. ताज्या ओठांनी सुरुवात करा आणि किमान दोन आठवडे त्याच्यावरच राहा. आणि माउथपीस व वाद्य एकाच वेळी बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायला मार्ग उरत नाही.

वाद्याचा बिघाड आपल्या माथी घेणं

व्हॉल्व्हला (बोटांनी दाबायच्या तीन कळांना) तेल घातलं, त्यांचे पिस्टन, म्हणजे आत सरकणारे दांडे, परत बसवले, फुंकलं, तर हवाच जात नाही. घाबरायचं कारण नाही, पिस्टनांची अदलाबदल झाली आहे किंवा ते फिरून बसले आहेत. प्रत्येक पिस्टनवर क्रमांक कोरलेला असतो. माउथपीसच्या बाजूचा पहिला. आत सरकवून हलकेच फिरवा. खाचेत बसला की टक् असा आवाज येतो.

खालचा डी नेहमी चढा लागतो, त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळीची एकूण लांबी थोडी कमी पडते. म्हणूनच तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला, म्हणजे सरकत्या नळीला, कडी दिलेली असते. डी वाजवताना ती बाहेर सरकवायची, आणि सी शार्पला, जिथे तिन्ही व्हॉल्व्ह दाबावे लागतात, आणखी जास्त. कित्येकजण वर्षानुवर्षं ती स्लाइड हलवतच नाहीत, ती अडकलेलीही असते. तिला ग्रीस लावा.

आवाज दबलेला येत असेल तर लीडपाइप (माउथपीसनंतरची पहिली नळी) साफ करा. कोमट पाणी, लांब लवचिक ब्रश. कढत पाण्याने लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, निघतं. वॉटर कीचा (नळीत साचलेलं पाणी सोडायच्या कळीचा) बूच गळत असेल तरी सूर अस्थिर होतात, हे सहज सुटून जातं. माउथपीस तळहाताने ठोकून बसवू नका, तो अडकतो. आणि अडकला तर पकड लावू नका, त्यासाठी वेगळं पुलर मिळतं.

वापरलेला ट्रम्पेट घेताना एक गोष्ट हाताने तपासा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड दोनेक सेंटिमीटर बाहेर ओढा, क्षणभर थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. पॉप असा स्पष्ट आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. तिन्ही व्हॉल्व्हना हे करा. बेलवरचा पोचा बघून नाक मुरडू नका, व्हॉल्व्हच्या नळकांड्यावरचा किंवा लीडपाइपवरचा पोचा मात्र सोडू नका. पहिलं वाद्य बी फ्लॅट या पट्टीचंच घ्या.

एकच आवाज खरा मानणं

शिकागो सिंफनी या वाद्यवृंदात १९४८ पासून पाच दशकांहून जास्त काळ अ‍ॅडॉल्फ हर्सेथ प्रमुख ट्रम्पेटवादक होते. त्यांचा आवाज सगळ्या वाद्यवृंदावरून जाऊनही भरलेला राहतो. मॉरिस आंद्रेंचा पिकोलो (लहान, उंच पट्टीचा) ट्रम्पेट काचेसारखा स्वच्छ. मांडीपाशी बसून कुजबुजावं तसा माइल्स डेव्हिसांचा हार्मन म्यूट (आवाज दबवायला बेलमध्ये बसवायचं साधन), मधली दांडी काढून टाकलेला. लुई आर्मस्ट्राँगांचा सूर टोकाला रुंद थरथरतो. यातला कोणता चांगला, हा प्रश्नच मला पटत नाही. विंटन मार्सालिस यांना १९८४ च्या ग्रॅमी समारंभात जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय अशा दोन्ही विभागांत पुरस्कार मिळाले. दोन्हीकडे आवाज वेगळा हवा असतो, आणि तो आधी त्यांच्या कानात होता.

मला गडद आवाज भावतो. हे कळायलाही मला तीन वर्षं आणि एक फसलेला कार्यक्रम लागला. आता रोज सकाळी वाद्य उचलण्याआधी पाच मिनिटं एकच रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकतो, मग पहिला जी धरतो. माझा ३सी कायमचा. तो उथळ माउथपीस केसमध्ये आहे अजून. बँडमध्ये लीडची जागा आली तर चार दिवस आधी काढतो, रोज अर्धा तास त्याच्यावर वाजवतो, आणि कार्यक्रम झाला की रिम पुसून पुन्हा कापडात गुंडाळतो.